नाक लावलेला सब्जा

माझ्या धाकट्या बहिणीला, ग्रासिएतला, मी लिस्बन दाखवलं, त्याची ही गोष्ट. दाखवलं म्हणजे काय, ती जन्मली इथलीच. आल्फामातल्या ह्याच गल्लीत, ह्याच घरात, आणि तीही इतक्या सावकाश की सुईणबाई दोनदा घरी जाऊन जेवून आल्या. पण एकोणिसाव्या वर्षी लग्न करून ती पॅरिसला गेली. दर ऑगस्टला यायची, पण ती नवऱ्याच्या गावी, वर डोंगरात. लिस्बन तिला गाडी बदलण्यापुरतं. दोन वर्षांपूर्वी नवरा गेला, आणि मग बाईंना शहराची आठवण झाली. फोन आला, लिंदा, संत आंतोनियूच्या सणाला येते, दहा दिवस. मला सगळं परत बघायचंय. तू दाखव.

मी म्हटलं, ये. मनात म्हटलं, ये बाई, बघू तरी पॅरिस तुझ्या गुडघ्यांत किती उतरलंय ते.

काही उतरलं नव्हतं. ट्रामपासून आमच्या दारापर्यंत एकशे चौदा पायऱ्या. मी चढते तेव्हा तीन ठिकाणी थांबते, आणि थांबायला निमित्त म्हणून तीन शेजारणींशी भांडण धरून ठेवलंय. ही मात्र पांढरी पँट आणि लाल कापडी बूट घालून, हातात बॅग घेऊन, न थांबता वर. वय एकोणसत्तर. मी बहात्तर. बेकरीवाली मला म्हणते, दोना एर्मेलिंदा, ही तुमची मुलगी का? त्या दिवसापासून मी पाव खालच्या बेकरीतून आणते. तिथला कडक असतो, पण बोलत नाही.

आता सेन्योर अबीलियूंबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळायचं नाही. आमच्या समोरच्या दारात राहतात. त्यांचं दार खाली, माझं वर, मध्ये सात पायऱ्या. चाळीस वर्षं ट्राम चालवली. अजूनही उतार लागला की त्यांचा उजवा हात हवेत ब्रेक शोधतो. मिशी पांढरी, शर्टाला रोज इस्त्री. बायको गेलेली. माझाही नवरा गेलेला. तो गेल्याच्या पुढल्या जूनपासून, सणाच्या दिवशी, बारा तारखेला, सेन्योर अबीलियू माझ्या दारात सब्जा आणून ठेवतात.

आमच्याकडची ही रीतच. ह्या सणात ज्याच्यावर जीव असेल त्याला सब्ज्याची कुंडी द्यायची. झुडूप अगदी चेंडूसारखं गोल, पानं बारीक. त्यात एक कागदाचं फूल खोचलेलं, आणि काडीला चिकटवलेला कागदी झेंडा, त्यावर चार ओळींची कविता. लोक छापील आणतात. सेन्योर अबीलियू स्वतः लिहितात. आणि एक नियम. सब्ज्याला नाक लावायचं नाही. वरून हळूच तळहात फिरवायचा आणि तळहाताचा वास घ्यायचा. नाक लावलं की सब्जा मरतो. हे इथं पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. ते रडतं ते त्याचसाठी, की नाक हातानं धरता येत नाही.

अकरा वर्षं, अकरा सब्जे. पहिल्या झेंड्यावर लिहिलं होतं,

दार तुझं अन् दार माझं, मध्ये पायऱ्या सात,
एकट्यानंच उतरायच्या का, धरशील माझा हात?

मी तो वाचला, आणि त्यांना सांगितलं की सेन्योर अबीलियू, ह्या पायऱ्या मुळात आठ होत्या. मोठा भूकंप झाला तेव्हा आठवी पायरी घाबरून नदीत पळाली. तिथं आता तिच्यावर तारली मासे अंडी घालतात. त्यांनी मागं वळून पायऱ्या बघितल्या. मग म्हणाले, असं होय. आणि गेले. एका वर्षी त्यांनी लिहिलं की ट्रामची घंटी आयुष्यभर वाजवली, पण तुमच्या दाराची वाजवायला हात धजत नाही. मी म्हटलं, बरंच केलंत, माझ्या दाराची घंटी एका समुद्रपक्ष्यानं गिळली आहे, आता पहाटे छपरावर तोच वाजतो. असं दर वर्षी. ते कविता आणत, मी लोणकढी थाप देत असे, सब्जा माझ्या खिडकीत राहत असे. छान चाललं होतं.

आणि ह्या जूनमध्ये ग्रासिएत आली.

पहिल्या दिवशी मी तिला किल्ल्यावर नेलं. वाटेत माझं चालूच होतं. हे बघ, ह्या खिडकीतून एका विधवेनं तीन बिशपांवर कोबीचं सूप ओतलं, तेव्हापासून इथं टक्कल पडत नाही. किल्ल्यात मोर हिंडतात. एकाकडे बोट दाखवून सांगितलं, ह्यानं मला गेल्या वर्षी मागणी घातली होती, मी म्हटलं आधी आवाज सुधार. ग्रासिएत हसली. पण हसून झाल्यावर कठड्याला टेकून नदीकडे बघत राहिली, आणि तिच्या डोळ्यांना पाणी आलं. खाली आमची लाल छपरं, तारांवरचे कपडे, सणाच्या कागदी माळा. म्हणाली, आई तिथं खाली धुणं धुवायची ना? मी म्हटलं, तर! चादर अशी आपटायची की नदीपलीकडे लोक तोफ समजून खाटेखाली लपायचे.

"नाही गं," ती म्हणाली. "आई गप्प असायची. हात लाल असायचे तिचे. ती ते ॲप्रनखाली झाकायची."

ते खरं होतं. मी विसरले होते. ही गेल्यावर पन्नास वर्षं मी ह्याच गल्लीत राहिले, आईला मी सांभाळलं, मी पुरलं, आणि आईचे लाल हात मात्र ही पॅरिसला घेऊन गेली होती. मला असा राग आला की परत येताना मी मुद्दाम चढाची वाट धरली. दमले मीच.

घरी आलो तर सेन्योर अबीलियू दारात. ग्रासिएतनं लहानपणी त्यांना बघितलेलं, म्हणाली, अबीलियू ना तुम्ही? ट्रामच्या मागे लटकणारा? ते लाजले. बहात्तर-त्र्याहत्तराचा माणूस, कानांपर्यंत लाल. मला अकरा वर्षांत ते कान कधी लाल झालेले दिसले नव्हते. म्हणाले, उद्या ट्रामनं जाणार असाल तर मी येतो, कुठल्या बाजूला बसायचं ते मला माहीत आहे.

मला ती बाजू त्यांनी कधी सांगितली नव्हती. मी कधी विचारली नव्हती म्हणा.

दुसऱ्या दिवशी तिघं निघालो. ट्राममध्ये पर्यटक इतके की एक माणूस तर दोन दिवसांपूर्वी चढलेला, उतरायला जागा मिळेना. सेन्योर अबीलियूंनी चालकाला नुसती मान हलवली आणि खिडकीची जागा मिळाली. एकच. ती त्यांनी ग्रासिएतला दिली. पाहुण्या आहेत त्या, मला म्हणाले. मी उभी. वळणावळणाला ते तिच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत. ती म्हणे, खरंच? आणि मग खिडकीबाहेर बघे. मीही कान लावला. ते काय सांगत होते? की ह्या वळणावर भिंत इतकी जवळ येते की हिवाळ्यात हात बाहेर काढला की तिचा गारवा लागतो. ह्या कोपऱ्यावर त्यांच्या बायकोनं त्यांना पहिल्यांदा डबा आणून दिला. बस्स, एवढंच. ना भूकंप, ना बिशप. आणि ती कशी ऐकत होती!

नदीकाठच्या चौकात राजाचा पुतळा आहे, घोड्यावर बसलेला. मी म्हटलं, ग्रासिएत, हा घोडा दर आठवड्याला नदीवर पाणी प्यायला उतरतो. राजा ओरडतो, पण घोडा कुणाचं ऐकतो? खुरं बघ, अजून ओली आहेत.

ग्रासिएतनं सेन्योर अबीलियूंकडे बघितलं. आणि ते म्हणाले, "ब्राँझचा आहे तो, दोना ग्रासिएत. सकाळी धुतात."

अकरा वर्षांत ह्या माणसानं माझी एकही थाप खोडली नव्हती. नदीतली पायरी मानली, पक्ष्याच्या पोटातली घंटी मानली. आणि आता, लाल बुटांच्या समोर, घोडा ब्राँझचा. माझ्या पोटात असं दुखायला लागलं की मी चेरीची दारू मागवली, आणि पोटासाठी आणखी एक.

अकरा तारखेला संत आंतोनियूच्या देवळात. बाहेर त्याचा पुतळा आहे, हातात पुस्तक. त्या पुस्तकावर खालून नाणं फेकायचं. नाणं वर राहिलं तर लग्न होतं, असं म्हणतात. मुली फेकतात, आम्ही नाही. पण ग्रासिएत म्हणाली, गंमत. पाठमोरीच उभी राहिली, खांद्यावरून फेकलं, आणि नाणं पुस्तकावर. पहिल्याच झटक्यात. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. सेन्योर अबीलियूंनी पण. मी समोर तोंड करून, नेम धरून तीन फेकली. दोन खाली आली आणि एक कबुतराला लागलं. त्या कबुतराचं लग्न झालं असेल.

घरी येताना मी हिशेब मांडत होते. पाहुण्यांची कौतुकं होतात, होऊ देत. खिडकी द्या, टाळ्या द्या. उद्या बारा तारीख. सब्जा कुणाला येतो ते बघू. तो माझा. अकरा वर्षांचा माझा. सकाळी उठून मी खिडकीची फळी पुसली, कपडे आत घेतले, मधोमध जागा केली. त्यांना सांगायला गोष्टही तयार ठेवली, एका व्हेलची, जी आमच्या गल्लीत वळताना अडकली होती.

दुपारी दार वाजलं. सेन्योर अबीलियू, इस्त्रीचा शर्ट, हातात कुंडी. सब्जा असा गोल की भोवऱ्यासारखा फिरवावा. मी ॲप्रन नीट केला आणि हात पुढे केले. त्यांनी माझ्याकडे बघून मान झुकवली, फार अदबीनं, आणि कुंडी माझ्या बाजूनं पुढे नेऊन ग्रासिएतच्या हातात ठेवली.

माझे हात तसेच पुढे. मग मी ते दाराच्या कडीवर ठेवले, जणू कडीच बघत होते.

ग्रासिएतनं झेंडा मोठ्यानं वाचला.

पाहुणी आली लांबून, आणला नवा वारा,
जाताना नेऊ नको गं बाई, राहू दे इथंच सारा.

तिनं तळहात सब्ज्यावरून फिरवला, नाकाशी नेला, डोळे मिटले आणि म्हणाली, "किती सुंदर. मला फार आवडलं, अबीलियू. आभारी आहे." संपलं. एवढं बोलायला किती वेळ लागतो? तारली परतायला लागतो तेवढा पण नाही. आणि ते जिना उतरताना शीळ घालत होते.

संध्याकाळी सगळी गल्ली धुरानं भरली, दारोदारी तारल्या भाजल्या जात होत्या. मी चौदा खाल्ल्या, काट्यांसकट. रागात काटे लागत नाहीत.

तेराला सकाळी ग्रासिएत म्हणाली, मी अबीलियूंबरोबर नदीकाठच्या बेलेंला जाऊन येते, तू येतेस का? मी म्हटलं, माझे पाय. ती गेली. घरात मी आणि तो सब्जा. माझ्या फळीवर, मी पुसलेल्या जागेवर, तिचा सब्जा. मी खिडकी लावली. पडदा ओढला. आणि वाकून नाक आत घातलं. वरवर नाही, पार कागदी फुलापर्यंत. तीन लांब श्वास घेतले. मर, म्हटलं.

बहात्तर वर्षांत मी असं पाप केलं नव्हतं. बिशपांवर सूप ओतणाऱ्या विधवेनंसुद्धा सब्ज्याला नाक लावलं नसतं. दिवसभर मी वाट बघत होते, पान कधी मान टाकतं. ग्रासिएत कस्टर्डच्या पेस्ट्री घेऊन आली, सहा, त्यातल्या दोन सेन्योर अबीलियूंनी माझ्यासाठी म्हणून निवडलेल्या, जास्त करपलेल्या, मला तशाच आवडतात. त्यांना माहीत होतं. तरीही मी सब्ज्याकडेच बघत होते.

चौदाला सब्जा कालच्यापेक्षा हिरवा. मी म्हटलं, तीन श्वास कमी पडले. ग्रासिएत अंघोळीला गेल्यावर सात घेतले. पंधराला त्याला नवीन शेंडे फुटले. सोळाला मी सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी, औषधासारखं. आणि खरं सांगू? सोळाच्या संध्याकाळी मी मारायला गेलेच नव्हते. मी वासाला गेले होते. तळहातावर जो वास येतो तो उरलासुरला असतो, त्यात साबण, कांदा, ब्लीच, आपलं सगळं आयुष्य मिसळलेलं. नाक लावल्यावर तो असा येतो, थेट, गार, थोडा मिऱ्यासारखा, की डोक्यातली एक खिडकी उघडते. ह्या सबंध शहरात तो कुणाला माहीत नाही. सगळे घाबरून आपला हात हुंगत बसलेत.

सतराला ग्रासिएतनं मला पकडलं. पाठीमागून आली, म्हणाली, लिंदा, तुझ्या नाकाला पान चिकटलंय.

मी सांगायला सुरुवात केली की एक माशी, पोर्तोहून आलेली, जखमी. तिनं मला पूर्ण होऊ दिलं नाही. खुर्ची ओढून बसली आणि मला म्हणाली की तिनं त्यांना विचारलं होतं. बेलेंच्या वाटेवर. की अबीलियू, तुम्ही दर वर्षी लिंदाला सब्जा देता असं गल्ली सांगते, मग ह्या वर्षी मला का?

मी विचारलं, काय म्हणाले?

"म्हणाले, मी अकरा वेळा विचारलं, आणि अकरा वेळा मला गोष्ट मिळाली. गोष्टी छान होत्या. पण बाराव्यांदा विचारायला आता धीर होत नाही. म्हटलं, यंदा जी घेईल तिला द्यावा." ग्रासिएतनं माझ्या नाकावरचं पान काढलं. "तू त्यांना एकदाही उत्तर दिलं नाहीस, लिंदा?"

मी म्हटलं, उत्तर दिलं की माणूस विचारायचा थांबतो.

"आणि नाही दिलं की?"

 मी तिला तुझे बूट फार लाल आहेत म्हटलं, आणि भांडी घासायला गेले.

रात्री झोप कसली येते. छपरावर तो पक्षी घंटी वाजवत होता. मी विचार करत होते, हिनं तो सब्जा घेतला, थेट घेतला, आवडलं म्हणाली, आभारी आहे म्हणाली. आणि ही राहिली तर? वारा इथंच ठेव म्हटलंय त्यांनी. पेन्शन आहे, गुडघे आहेत. समोरच्या दारात राहायला आली तर मी रोज सात पायऱ्यांवरून तिचे लाल बूट बघणार. मी अंथरुणातच त्या पायऱ्या मोजल्या, सात. आठवी कधी नव्हतीच.

अठराला सकाळी टॅक्सी खाली रस्त्यावर येणार होती. सेन्योर अबीलियू बॅग उचलायला आले. ग्रासिएतनं सब्जा कागदात गुंडाळून पायरीवर ठेवला होता. मी म्हटलं, विमानात घेऊन जाणार? ती म्हणाली, मांडीवर. माझा आहे. तर तो राहणार नव्हता. आणि तीही राहणार नव्हती, तिची नातवंडं पॅरिसला, तिकीट जायचं-यायचं कधीपासूनचं काढलेलं. मी दहा दिवस उगाच जळले. पण जळून झाल्यावर निखारा राहतोच की. सेन्योर अबीलियू तिची बॅग कशी धरून उभे होते, जणू तिच्यात काच आहे.

मी पायरीवर वाकले, गुडघे कुरकुरले, कागद बाजूला केला, आणि दोघांच्या देखत, समोरच्या बेकरीवालीच्या देखत, सब्ज्यात नाक घातलं.

बेकरीवालीनं छातीवर क्रूस काढला. सेन्योर अबीलियूंचा उजवा हात हवेत ब्रेक शोधू लागला.

"दोना एर्मेलिंदा," ते म्हणाले, "मरेल तो."

"पाच दिवस मारतेच आहे," मी म्हटलं. "मरत नाही."

ग्रासिएत पायरीवर बसली आणि हसायला लागली. अशी हसली की पॅरिसचं सगळं गळून पडलं, ट्रामच्या मागे लटकणाऱ्या पोरांना चिडवणारी पोर झाली. सेन्योर अबीलियू हसले नाहीत. ते माझ्याकडे बघत होते, आणि त्यांचे कान हळूहळू लाल होत होते. दोन्ही. मी नीट बघितले.

ग्रासिएतनं मला कवटाळलं, सब्जा उचलला आणि पायऱ्या उतरून गेली. बॅग त्यांनी खाली पोचवली. मी दारातच उभी. एकशे सात पायऱ्या चढून ते परत आले तेव्हा धापा टाकत होते. आपल्या दाराशी थांबले. मध्ये सात पायऱ्या. मला व्हेलची गोष्ट आठवली, तोंडाशी आली. मी ती गिळली. व्हेल गिळणं सोपं नसतं.

मी म्हटलं, "पायऱ्या सातच आहेत, सेन्योर अबीलियू. आठवी मी घातली होती."

"मला माहीत आहे," ते म्हणाले. "मी त्याच दिवशी नदीवर जाऊन बघितलं होतं. नव्हती."

ते खरंच गेले होते का, मला आजही सांगत नाहीत. मी म्हटलं, माझे गुडघे दुखतात, मला एकटीला उतरता येत नाहीत ह्या. ते वर आले आणि त्यांनी हात पुढे केला. मी धरला. हाताला सब्ज्याचा वास होता, खाली टॅक्सीत देताना कुंडी उचलली असेल त्यांनी.

आता दर रविवारी ग्रासिएतचा फोन येतो. म्हणते, तो सब्जा तिच्या खिडकीत इतका वाढलाय की शेजारणी त्याच्यावर चादरी वाळत घालतात, आणि एका कबुतरानं त्यात घरटं करून भाडंही दिलंय. थापा मारायला कधी शिकली कोण जाणे. आणि ऐकून माझ्या पोटात अजून दुखतं. नाक माझं, श्वास माझे, आणि सब्जा तिच्याकडे.